‘अनफिट’, पण कशासाठी?

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला एक जुनी विहीर आहे. ग्रामपंचायतीने तिच्या कठड्यावर लाल रंगात लिहून ठेवलंय, ‘पाणी पिण्यास अयोग्य’. त्या अक्षरांवरच बायका धुणं आपटतात. गुरं तिथे पाण्याला येतात, उन्हाळ्यात पोरं डुंबतात, आणि शेजारच्या मळ्यातली मेथी त्याच पाण्यावर वाढते. यात पाटीचा कुणी अवमान करत नाही. पाटी फक्त पिण्याबद्दल बोलते आहे, हे सगळ्यांना न सांगता कळलेलं आहे.

इंग्रजीतला ‘अनफिट’ समजून घ्यायला मला ही विहीर फार उपयोगी पडली. कोश उघडला की या शब्दापुढे ओळीने अर्थ येतात: अयोग्य, अपात्र, नालायक, निकामी. परीक्षेला बसलेल्या मुलाला वाटतं, यातला कुठलाही उचलला तरी मार्क मिळतील. हे शब्द विहिरीवर लावून पाहा. ‘पाणी पिण्यास नालायक’ असं लिहिलं तर गाव हसेल. ‘पिण्यास अपात्र’ लिहिलं तर पाण्याने अर्ज कधी केला होता, असं कुणीतरी विचारेल. आणि निवडणुकीच्या उमेदवाराला ‘निकामी’ म्हटलं तर मामला पोलीस ठाण्यात जाईल. इंग्रजी या सगळ्या जागी एकच शब्द चालवून घेते, कारण तिथे निम्मा अर्थ शब्दात नसतोच. तो शब्दाच्या मागून येणाऱ्या शेपटीत असतो.

ही शेपूट म्हणजे ‘फॉर’ नाहीतर ‘टू’. ‘फॉर’नंतर नाम येतं, ‘टू’नंतर क्रियापद. ‘अनफिट फॉर ह्यूमन कन्झम्प्शन’ म्हणजे माणसाने खाण्यापिण्यास अयोग्य. ‘अनफिट टू ड्राइव्ह’ म्हणजे गाडी चालवण्याच्या स्थितीत नसलेला. प्यायलेला असेल, रात्रभर जागलेला असेल, किंवा डॉक्टरने नुकतंच डोळ्यांत औषध घातलेलं असेल. मराठीत हाच भाग शब्दाच्या आधी येतो: पिण्यास, राहण्यास, नेमणुकीस. म्हणजे आपल्याकडे ती शेपूट नसून शिंगं आहेत म्हणा. पण काम तेच. ‘कशासाठी?’ या प्रश्नाचं उत्तर तिथे असतं.

शेपूट नसेल तर इंग्रजी माणूस बहुधा शरीराचा अर्थ घेतो. नुसतं ‘ही इज अनफिट’ म्हटलं की हा दोन जिने चढला तर धापा टाकतो, एवढंच. खेळाच्या पानावर मात्र दोन निराळ्या गोष्टी या एका शब्दात कोंबलेल्या असतात. एक खेळाडू मांडीचा स्नायू दुखावला म्हणून अनफिट असतो, दुसरा धावण्याच्या चाचणीत कमी पडला म्हणून. २०१८ साली अंबाती रायुडूने आयपीएलमध्ये ६०२ धावा काढल्या आणि लगेच इंग्लंडला जाणाऱ्या एकदिवसीय संघातून तो बाहेर पडला, कारण यो-यो नावाच्या धावण्याच्या चाचणीत १६.१चा आकडा त्याला गाठता आला नाही. फलंदाजीला फिट, यो-योला अनफिट. तेव्हा चहाच्या टपऱ्यांवर जो वाद झाला तो खरं तर शेपटीचाच वाद होता.

एक चूक आपल्याकडे सर्रास होते, ती इथेच सांगून टाकतो. शर्ट अंगाला बसत नसेल तर इंग्रजीत शर्टाला ‘अनफिट’ म्हणत नाहीत. तिथे ‘डझन्ट फिट’ असं क्रियापद वापरतात. शर्टाला अनफिट म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, तो फाटलाय किंवा चारचौघांत घालण्याच्या लायकीचा नाही. ब्रिटनमध्ये आणखी एक गंमत आहे. तिथली तरुण मुलं देखण्या माणसाला ‘फिट’ म्हणतात. मात्र कुरूप माणसाला ‘अनफिट’ म्हणत नाहीत. भाषा असे व्यवहार नेहमी अर्धेच ठेवते.

मराठीत तर ‘फिट’चं एक छोटं संमेलनच भरलेलं आहे. नट फिट बसतो, झाकण फिट्ट बसतं, आयटीआय करून पोरगा फिटर होतो. हा सगळा इंग्रजी ‘फिट’चा गोतावळा. कर्ज फिटतं, पांग फिटतात, डोळ्यांचं पारणं फिटतं. हे ‘फिटणं’ आपलं, प्राकृतातून आलेलं, त्याचा इंग्रजीशी काडीचा संबंध नाही. आणि तिसरी ‘फिट येणे’, म्हणजे आकडी, फेफरं. तीही इंग्रजीतूनच आली, पण तिथल्या कोशात तिची नोंद वेगळी आहे. तंदुरुस्तीच्या ‘फिट’शी तिचं नातं कुणाला खात्रीने जोडता आलेलं नाही. या तिसऱ्या फिटचं नाव लक्षात ठेवा. पुढे ती कायद्याच्या पुस्तकात भेटणार आहे.

आता विहिरीकडे परत. पाणी अयोग्य ठरतं ते दोन तऱ्हांनी. जंतू सापडले तर जंतू मारणारी टीसीएल पावडर टाकून, नाहीतर उकळून ते पिण्याजोगं करता येतं. पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत दुखणं फ्लोराइडचं आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड गेलं की ते पाणी पिण्याच्या मर्यादेबाहेर जातं, आणि उकळून उपयोग नसतो. पाण्याची वाफ होते, फ्लोराइड मागे राहतं, उलट दाट होतं. दोन्ही विहिरींवर पाटी मात्र एकच: अयोग्य.

सैन्यभरतीच्या मेडिकलला हाच फरक नाव घेऊन केला जातो. तिथे ‘टेम्पररी अनफिट’ आणि ‘पर्मनंट अनफिट’ असे दोन शिक्के आहेत. कानात मळ निघाला, तर पोरगा कान साफ करून पुन्हा येऊ शकतो. रंगांधळेपणा निघाला तर त्या नोकरीपुरतं दार बंद. सातारा-कोल्हापूरकडच्या कुठल्याही अकॅडमीत जा, पोरांना सपाट तळवा, गुडघ्याला गुडघा लागणं, कोपराचा कोन ही सगळी भाषा पाठ असते. मात्र गावाला ‘टेम्पररी’, ‘पर्मनंट’ कळत नाही. गावात बातमी एकाच शब्दात येते: ‘मेडिकलला बाद झाला.’ घरी मळ्यात रोज पन्नास किलोची पोती उचलणारा पोरगा चार महिने मान खाली घालून फिरतो, आणि प्रत्येक लग्नात कुणीतरी त्याला विचारतंच, नक्की काय रे निघालं तुझ्यात?

रेल्वेने या बाबतीत बराच शहाणपणा दाखवला आहे, असं माझं मत. तिथे माणूस एकदम फिट किंवा एकदम अनफिट असा नसतो. कामाप्रमाणे वर्ग पाडलेले आहेत: ए-वन, ए-टू, ए-थ्री, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. लोको पायलटला ए-वन लागतो, कारण त्याला पावसातल्या रात्री लांबून सिग्नलचा रंग ओळखायचा असतो. कार्यालयात बसणाऱ्याला सी-टू पुरतो. पंचविशीत ए-वन असलेल्या ड्रायव्हरची नजर पन्नाशीत उतरली, तर तो ए-वनला अनफिट होतो आणि खालच्या वर्गाला फिट राहतो. रेल्वेच्या वसाहतीत याला ‘डिकॅटेगराइज’ झाला म्हणतात. म्हणजे कागदावर शेपूट जोडलेली असते.

आणि तिला कायद्याचा टेकू आहे. अपंगांसाठीच्या १९९५च्या कायद्यातलं ४७वं कलम असं होतं, की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढून टाकता येणार नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्या. दुसरी जागा नसेल तर मिळेपर्यंत त्याच्यासाठी जास्तीची जागा तयार करा. २०१६च्या नव्या कायद्यात हीच तरतूद २०व्या कलमात आहे. एखाद्या कार्यालयात ‘अनफिट फॉर फर्दर सर्व्हिस’ असा शेरा मिळालेल्या कुणाला हे माहीत नसेल, तर त्याला जरूर सांगा. तो शेरा ज्या कामाबद्दल आहे, तेवढ्यापुरताच असतो.

‘अनफिट’चे शेजारीही पाहून घेऊ, कारण गोंधळ तिथे जास्त होतो. शाळेच्या बसचा एक ड्रायव्हर धरा. त्याचं वय जाहिरातीतल्या मर्यादेपेक्षा दोन वर्षांनी जास्त असेल, तर तो ‘इनएलिजिबल’. अर्जच करू शकत नाही. आधी परवाना होता, पण कोर्टाने काढून घेतला, तर तो ‘डिस्क्वालिफाइड’. परवाना आहे, पण वळणावर गिअर खडखडतात आणि मागची मुलं एकमेकांवर पडतात, तर ‘इनकॉम्पिटंट’. गाडी छान चालवतो, पण लहान मुलांचा कलकलाट त्याला सोसत नाही, तर या कामाला ‘अनसूटेबल’. मालाच्या ट्रकवर तो सुखात राहील. बसमध्ये चावट गाणी लावतो, तर ते वागणं ‘इनअप्रोप्रिएट’. हा शब्द माणसापेक्षा प्रसंगाकडे बोट दाखवतो. बाकीचे सगळे ड्रायव्हर दुपारी पत्ते कुटतात आणि हा एकटा कोपऱ्यात कविता वाचतो, तर तो ‘मिसफिट’. त्यात वाईट काहीच नाही, काही जण तर अभिमानाने मिरवतात. आणि आज सकाळी तो तर्र होऊन आला, तर तो ‘अनफिट’. उद्या शुद्धीवर आला की कदाचित फिट.

मराठीत यातल्या पहिल्या दोघांना आपण ‘अपात्र’ या एकाच गोणीत भरतो. सरकारी मराठीत ‘अनर्ह’ आहे, पण तो कुणाच्या तोंडी बसला नाही. २०२२ ते २०२४ या काळात महाराष्ट्राने ‘आमदार अपात्रता’ हे दोन शब्द इतके ऐकले, की शाळकरी पोरं एकमेकांना अपात्र ठरवायला लागली होती. १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभेच्या अध्यक्षांनी निकाल वाचला आणि शिवसेनेच्या दोन्हीपैकी कुठल्याच गटाचा आमदार अपात्र ठरला नाही. त्या सगळ्या वादात आमदार कामाला लायक आहेत का, हा प्रश्नच नव्हता. पक्षांतराचा नियम मोडला का, एवढंच तपासायचं होतं. अपात्रता नियमाकडे पाहते, अनफिटपणा माणसाकडे पाहतो. म्हणून दुसरा ठरवणं जास्त अवघड आणि जास्त धोक्याचं.

कायदा तरीही तो ठरवतो. बँकेच्या संचालकासाठी आपली रिझर्व्ह बँक ‘फिट अँड प्रॉपर’ असा निकष लावते. पदवी, वय, अनुभव हे मोजता येतं. पण हा माणूस लोकांच्या ठेवींजवळ बसवण्याजोगा आहे का, हे एका आकड्यात मावत नाही. ब्रिटनमध्ये १९८६चा एक कायदा आहे: कंपनी बुडाली आणि संचालकाचं वर्तन ‘अनफिट’ ठरलं, की न्यायालयाने त्याला किमान २ आणि जास्तीत जास्त १५ वर्षं कुठल्याही कंपनीच्या संचालकपदापासून लांब ठेवायचं. २०१२ साली ब्रिटिश संसदेच्या एका समितीने फोन हॅकिंगच्या प्रकरणात वृत्तपत्रांचे मालक रूपर्ट मर्डॉक यांच्याबद्दल लिहिलं, की मोठी आंतरराष्ट्रीय कंपनी चालवायला ही व्यक्ती ‘फिट’ नाही. त्या एका वाक्यावर समितीत फूट पडली. सहा जण बाजूने, चार जण विरोधात. बाकी अहवालावर फारसं भांडण नव्हतं. फौजदारी कोर्टात ‘अनफिट टू प्लीड’ हा प्रकार आहे. १८३६ साली इंग्लंडमध्ये प्रिचर्ड नावाच्या मूकबधिर आरोपीच्या खटल्यात त्याचे निकष बसले: आरोप समजतो का, कामकाज पाहून आपला बचाव करता येईल इतपत आकलन आहे का. नसेल तर खटला चालवायचा नाही. इथे अनफिट ठरणं हे माणसासाठी संरक्षण आहे.

इथपर्यंत शब्द शेपटीसकट चाललाय. ती तुटली कशी, ते सांगायला मँचेस्टरला जावं लागेल.

एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या गिरण्यांच्या धुराने आसपासची झाडं काळी पडली. तिथे एक पांढुरका, काळे ठिपके असलेला पतंग असे. १८४८ साली त्याच शहरात काळ्या रंगाचा पतंग नोंदवला गेला आणि पुढच्या पन्नास वर्षांत काळ्यांचीच गर्दी झाली, कारण काजळलेल्या खोडावर पांढरा पतंग पक्ष्यांना चटकन दिसे. पुढे १९५६ साली हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला, खोडं उजळली आणि पांढरे परतले. यातला फिट कोण? उत्तर खोडाच्या रंगावर आहे. इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ साली ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हे शब्द वापरले आणि डार्विनने १८६९ साली आपल्या ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत ते घेतले, तेव्हा ‘फिट’चा अर्थ हाच होता: त्या जागी, त्या वेळी, त्या परिस्थितीला जुळणारा. बलवान, श्रेष्ठ, उच्च असा अर्थ त्यात नव्हता. आपल्याकडे ‘बळी तो कान पिळी’ असं त्याचं भाषांतर करणारे अजून भेटतात. ते चूक आहे. कान पिळण्याचा आणि खोडावर न दिसण्याचा काय संबंध?

पण शब्द लोकांच्या हाती गेला की लेखकाचा राहत नाही. १८८३ साली डार्विनचाच नातलग फ्रान्सिस गॉल्टन याने ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला, म्हणजे माणसाची पैदास सुधारण्याचं शास्त्र. त्या मंडळींनी ‘द अनफिट’ असं बोलायला सुरुवात केली. विशेषणाचं नाम झालं. अनफिट कशासाठी, हे विचारायची सोयच उरली नाही. अनफिट ही माणसांची एक जातच झाली.

शतक सरताना दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी ब्रिटनमध्ये भरती सुरू होती आणि गिरणगावातली पोरं वजनात, छातीत, दातांत बाद होत होती. हा इतका मोठा धक्का होता, की सरकारने चौकशी समिती नेमली. १९०४ साली तिचा अहवाल आला. ही रक्तातली खोट नसून उपासमार, कोंदट घरं, घाण दूध यांचा परिणाम आहे, असा त्याचा रोख होता. १९०६ साली शाळेत गरीब मुलांना जेवण देण्याचा कायदा झाला, १९०७ साली शाळेत डॉक्टरी तपासणी आली. ‘अनफिट’ला दिलेलं हे एक उत्तर: जेवायला वाढा.

दुसरं उत्तर त्याच १९०७ साली अमेरिकेच्या इंडियाना राज्याने दिलं. जगातला पहिला सक्तीच्या नसबंदीचा कायदा. मग एकेक राज्य त्या वाटेने गेलं. व्हर्जिनियाने १९२४ साली कायदा केला आणि तो कोर्टात टिकतो का हे पाहायला एक मुलगी निवडली, कॅरी बक. सतरा वर्षांची असताना, तिला ज्यांनी सांभाळायला घेतलं होतं, त्यांच्याच नातलगाने तिच्यावर बलात्कार केला होता. ती गरोदर राहिली तशी घराने तिला ‘मंदबुद्धी’ ठरवून लिंचबर्गजवळच्या सरकारी वसाहतीत धाडलं. त्या वसाहतीच्या नावातच ‘एपिलेप्टिक्स’ होतं, फिट येणाऱ्यांसाठीची जागा. कॅरीची आई आधीपासून तिथेच होती. कॅरीच्या बाजूने उभा राहिलेला वकील वसाहतीच्या माणसांच्या घरोब्यातला होता. २ मे १९२७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी कायदा उचलून धरला. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकाल लिहिला. जे उघड उघड अनफिट आहेत त्यांना आपली वीण वाढवू न देणं हेच जगाच्या भल्याचं आहे, असं ते म्हणाले, आणि शेवटी, ‘मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या.’ ऑक्टोबरात कॅरीची नसबंदी झाली.

तिसरी पिढी म्हणजे कॅरीची मुलगी व्हिव्हियन. ती शाळेत गेली, १९३१ साली तिचं नाव हुशार मुलांच्या यादीत लागलं, आणि १९३२ साली आठ वर्षांची असताना आजारपणात ती गेली. अमेरिकेत साठ हजारांहून जास्त माणसांची अशी नसबंदी झाली. हिटलरच्या जर्मनीने १९३३ साली असाच कायदा केला आणि तिथला आकडा चार लाखांच्या घरात गेला. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने माफी मागितली ती २००२ साली. कॅरी तेव्हा हयात नव्हती. १९८३ सालीच वारली. १९२७चा तो निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नाव घेऊन अजूनही रद्द केलेला नाही.

हे सगळं परदेशातलं, असं वाटत असेल तर आपला हिंदू विवाह कायदा उघडा. लग्नाच्या अटी पाचव्या कलमात आहेत. त्यात मानसिक विकाराबद्दल बोलताना ‘अनफिट फॉर मॅरेज अँड द प्रोक्रिएशन ऑफ चिल्ड्रन’ असे शब्द आजही आहेत. शेपूट आहे, नाही असं नाही. पण त्या शेपटीत मुलं होण्याची गोष्ट का आली, याचं उत्तर मागच्या दोन परिच्छेदांत शोधावंसं वाटतं. १९७६च्या दुरुस्तीने त्याच कलमात वारंवार वेड लागणं किंवा ‘एपिलेप्सी’, म्हणजे फिट येणं, हीही आडकाठी म्हणून घातली होती. गोळ्या नियमित घेतल्या तर बहुतेकांच्या फिट आटोक्यात राहतात, हे डॉक्टर कंठशोष करून सांगत होते. १९९९ साली संसदेने ‘किंवा एपिलेप्सी’ एवढे शब्द वगळले. म्हणजे तेवीस वर्षं या कायद्याखाली येणारा, फिट येणारा माणूस कायद्याने लग्नाला अनफिट होता. कायद्यातून ते शब्द गेले, पण स्थळं बघताना ‘मुलीला फिट तर येत नाही ना’ असं दबक्या आवाजात अजून विचारलं जातं, आणि आकडी आलेल्याच्या नाकाला अजून चप्पल लावली जाते.

अनफिट म्हणून एका माणसाला बाजूला काढता येतं, तसं अख्ख्या देशालाही काढता येतं. हिंदुस्थानी लोक स्वराज्याला ‘अनफिट’ आहेत, हे वाक्य इंग्रजांनी शंभर वर्षं वापरलं. मेकॉलेने १८२५ साली मिल्टनवरच्या निबंधात लिहिलं होतं, की स्वातंत्र्य वापरायला लायक होईपर्यंत लोकांना स्वातंत्र्य देऊ नये असं म्हणणारे त्या मूर्खासारखे आहेत, जो पोहायला येईपर्यंत पाण्यात उतरणार नाही म्हणत होता. किती झकास बोलला, असं वाटतं. हाच मेकॉले १८३३ साली पार्लमेंटात उभा राहिला आणि हिंदुस्थानला लोकप्रतिनिधींचं राज्य देणं शक्य नाही म्हणाला. पाण्यात उतरण्याचा नियम कुणाच्या विहिरीला लागू होता, ते समजलं.

टिळकांनी १९१६ साली बेळगावात होमरूल लीग काढली आणि त्या वर्षीच्या बेळगाव-अहमदनगरच्या भाषणांत या लायकीच्या मुद्द्याचा समाचार घेतला. १९१९च्या सुधारणांच्या कायद्यात तर दहा वर्षांनी एक आयोग येऊन तुमची प्रगती तपासेल, असं कलमच होतं. परीक्षेचं वेळापत्रक म्हणा ना. तो आयोग नेमला गेला १९२७ साली, कॅरी बकच्या निकालाच्याच वर्षी. सात सदस्य, एकही हिंदी नाही. सायमन परत जा, ते हेच.

‘लायक’ शब्दाची मराठीतली गत मोठी बोलकी आहे. ‘ना’ फारसी, ‘लायक’ अरबी. दोन्ही मिळून ‘नालायक’ म्हणजे शब्दशः ‘अनफिट’. आधी शिंगं लागत: अमुक कामास नालायक, अमुक पदास नालायक. आता ती गळून पडली आहेत. आज नालायक ही शुद्ध शिवी आहे, आणि आई पोराला लाडाने घालते तेव्हा ती शिवीही राहत नाही. ‘लायक’ मात्र जागेवर आहे, ‘लग्नाच्या लायक मुलगी’, ‘विश्वासास लायक माणूस’. इंग्रजांच्या ‘अनफिट’चं वर जे झालं ते ‘द’ लावून झालं. आपल्या शब्दाचं नुसत्या वापराने झालं. आपण ते लाडात मुरवलं, एवढा फरक.

म्हणून भाषांतर करणाऱ्याने जपून राहावं, आणि हे मी स्वतःच्या चुकीतून सांगतोय. काही वर्षांपूर्वी एका साप्ताहिकासाठी मी मुलांच्या ताब्याच्या खटल्यांवर लिहीत होतो. आपल्याकडे १८९०चा पालक आणि पाल्य कायदा अजून चालू आहे. त्याच्या १९व्या कलमाप्रमाणे बाप हयात असेल आणि कोर्टाच्या मते पालक व्हायला ‘अनफिट’ नसेल, तर मुलाला दुसरा पालक नेमता येत नसे. तिथे ‘बाप’च्या जोडीला ‘आई’ हा शब्द यायला २०१० साल उजाडलं. माझ्यासमोर एक परदेशी निकाल होता. त्यात ‘अनफिट मदर’ असं होतं. मी रात्री बारा वाजता घाईत लिहिलं, ‘नालायक आई’.

सकाळी संपादकांचा फोन आला. ते काही चिडले नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, ‘त्या बाईने केलं काय होतं?’ मी निकाल पुन्हा उघडला. बाईला दारूचं व्यसन होतं, उपचार सुरू होते, आणि न्यायाधीशाने सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करायला सांगितलं होतं. संपादकांनी माझे दोन शब्द खोडून त्या जागी ‘सध्या मुलाचा सांभाळ करण्याच्या स्थितीत नसलेली आई’ असं घातलं. मजकूर एका ओळीने वाढला, आणि पानाच्या तळाची मंगल कार्यालयाची जाहिरात थोडी आखडून घ्यावी लागली.